हरवलेले भाग : ‘डॉक्टर हू’ आणि जपून ठेवण्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी प्रेमाने तक्रार केली. ती अशी, की इतिहासाच्या साधनांविषयी बोलताना आम्ही दर वेळी ताम्रपट, बखरी आणि पोथ्या यांच्यावरच येऊन थांबतो. आमच्या डोळ्यांदेखत जे घडलं, त्यातलं काही घ्या की! तक्रार रास्त आहे. म्हणून आज आपण एका दूरचित्रवाणी मालिकेचा इतिहास बघणार आहोत. मालिका ब्रिटिश आहे, विज्ञानकथेची आहे, आणि तिचं नाव ‘डॉक्टर हू’.

आता सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा या मालिकेशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. संबंध आमच्या नातवाचा. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडे इंग्लंडात राहायला गेलो होतो. बाहेर सारखा पाऊस. नातू रोज संध्याकाळी एक भाग लावायचा आणि आम्ही शेजारी बसायचो. एके दिवशी पडद्यावर माणसांऐवजी चित्रं दिसायला लागली. आवाज मात्र जुना, जरा खरखरीत, जिवंत माणसांचा. आम्ही विचारलं, ‘हे काय?’ तो म्हणाला, ‘आजोबा, खरा भाग हरवलाय. म्हणून हा बनवलाय.’ आणि मग थोडं थांबून त्यानेच विचारलं, ‘पण मग आपण तो भाग बघितला की नाही बघितला?’

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथे देता आलं नाही. आजच्या व्याख्यानाचं मूळ तिथे आहे.

आधी मालिकेविषयी थोडं. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवला. डॉक्टर हा एक परग्रहवासी प्रवासी. निळ्या रंगाच्या पोलीस चौकीसारख्या दिसणाऱ्या खोक्यातून तो काळात मागेपुढे हिंडतो. मालिकेची निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन. हे गृहस्थ लखनौमध्ये जन्मलेले, लेखिका अतिया होसैन यांचे चिरंजीव. त्या वेळी त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

सुरुवातीची सहा वर्षं, म्हणजे १९६३ ते १९६९, ही मालिका कृष्णधवल होती. एकेक कथा चार, सहा, कधी सात भागांची, आणि प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांतले शंभराच्या आसपास भाग आज कुणी पाहू शकत नाही. २०१३ मध्ये एक मोठा शोध लागला, त्यानंतर ही संख्या ९७ वर आली. वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली दुसरी कथा, ‘मार्को पोलो’, १९६४ मध्ये सात आठवडे चालली. अनेक देशांना विकली गेली. तिचे सातही भाग या ९७ मध्ये होते.

हे कसं झालं? आग लागली का? पूर आला का? तसं काही नाही. ते भाग पुसले गेले, तेही रीतसर, कागदोपत्री.

त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर ध्वनिमुद्रणासारखे मुद्रित होत. टेप फार महाग असे, पण तिचा मोठा गुण हा की ती पुसून पुन्हा वापरता येई. नटांच्या संघटनेशी करार होता, त्यानुसार कार्यक्रम किती काळात आणि किती वेळा पुन्हा दाखवता येईल यावर मर्यादा होती, आणि दर वेळी पुन्हा पैसे द्यावे लागत. १९६७ नंतर ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण आलं. मग जुनी कृष्णधवल मालिका पुन्हा कोण बघणार? घरी व्हिडिओ यंत्र नव्हतं. म्हणजे एकदा दाखवलेला कार्यक्रम, व्यवहाराच्या भाषेत, संपलेला माल होता. १९६७ ते १९७४ या काळात ‘डॉक्टर हू’च्या त्या जुन्या टेप एकामागून एक पुसल्या गेल्या. त्यांवर दुसरे कार्यक्रम चढले. त्यांत बातम्या असतील, खेळ असतील, जे असेल ते.

मंडळी, इथे घाईने निवाडा करू नका. पुसण्याचा कागद सही करणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला खर्च वाचवायचा होता, कपाटात जागा करायची होती. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही सही केली असती. हे वाक्य आम्ही उगाच म्हणत नाही. त्यामागे आमचा स्वतःचा एक अनुभव आहे, तो पुढे सांगतो.

टेप पुसल्या तरी सगळं संपलं नव्हतं. परदेशात विकण्यासाठी बीबीसीची विक्री शाखा जवळजवळ प्रत्येक भागाची सोळा मिलिमीटर फिल्मवर प्रत काढत असे. पद्धत गमतीची. एका छोट्या पडद्यावर टेप चालवायची आणि समोर फिल्मचा कॅमेरा लावून तो पडदा चित्रित करायचा. या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा देशांत जात. एका देशाचं दाखवून झालं की तो पुढच्या देशाकडे पाठवी. लग्नाची पत्रिका वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावी तसं. मुदत संपली की प्रत परत करायची, नाही तर नष्ट केल्याचं लिहून द्यायचं.

१९७० च्या दशकात या विक्रीचे हक्कही संपत आले, तेव्हा विक्री शाखेने आपल्याकडच्या फिल्मही नष्ट करायला सुरुवात केली. कारण त्यांना वाटलं की मूळ टेप अभियांत्रिकी विभागाकडे असतीलच. अभियांत्रिकी विभागाला वाटलं की फिल्म विक्री शाखेकडे आहेतच. आणि फिल्म ग्रंथालय म्हणालं, आमचं काम फिल्मवर बनलेल्या कार्यक्रमांचं, टेपवरच्या कार्यक्रमांशी आमचा संबंध नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण या प्रकरणाला लागू पडते.

हा प्रकार १९७८ मध्ये थांबला. त्या वर्षी इयान लेव्हिन नावाचा एक तरुण, जो पुढे संगीत निर्माता म्हणून नावारूपाला आला, बीबीसीकडे जुन्या भागांची चौकशी करायला गेला. त्याला दिसलं की डालेक या यंत्रप्राण्यांची पहिली कथा, जिच्यामुळे मालिका घराघरांत पोचली, तिच्या फिल्मचे डबे नष्ट करायच्या गठ्ठ्यात बांधून ठेवले आहेत. ते डबे वाचले. त्याच सुमारास बीबीसीमध्ये कार्यक्रम जपण्यासाठी जबाबदार व्यक्ती म्हणून स्यू माल्डन यांची नेमणूक झाली, आणि प्रथमच कुणी तरी विचारलं : आपल्याकडे काय आहे आणि काय नाही?

इथे आम्हाला आमच्या विषयाकडे थोडं वळू द्या. न्याय-वैशेषिक दर्शनात ‘अभाव’ हा एक स्वतंत्र पदार्थ मानला आहे. ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान कशाचं? नुसत्या जमिनीचं नाही. ते घड्याच्या अभावाचं ज्ञान आहे. आणि ज्याचा अभाव, त्याला म्हणायचं प्रतियोगी. प्रतियोगी ठाऊक असल्याशिवाय अभाव कळत नाही. ज्याने घडा कधी पाहिला नाही, त्याला ‘इथे घडा नाही’ असं कधीच वाटणार नाही. त्याला नुसती जमीन दिसेल.

आता हे बीबीसीच्या गोदामाला लावून बघा. १९७० मध्ये तिथे काम करणाऱ्याला रिकामी फळी दिसत होती. रिकामी फळी म्हणजे सोय, जागा झाली! तीच फळी १९७८ मध्ये एका चाहत्याने बघितली, आणि त्याला दिसलं की इथे अमुक कथेचे अमुक भाग नाहीत. कारण लहानपणी त्याने ते पाहिले होते. फळी तीच आहे. अभाव दिसण्यासाठी आठवण असणारा माणूस लागला. हरवलेल्या भागांची यादी करणं हे या इतिहासातलं पहिलं मोठं काम, आणि ते मुख्यतः हौशी लोकांनी केलं.

आणि आता येते घरी बघण्याची गोष्ट.

१९७० च्या दशकात ज्याला जुनी कथा पुन्हा अनुभवायची असे, त्याच्याकडे एकच मार्ग होता. टार्गेट या प्रकाशनाची छोटी पुस्तकं. मालिकेच्या कथा कादंबरीरूपात. टेरन्स डिक्स यांनी अशी कितीतरी पुस्तकं लिहिली. ब्रिटनमधली एक पिढी ही पुस्तकं वाचून मालिकेचा भूतकाळ ‘बघायला’ शिकली. मग घरोघरी व्हिडिओ यंत्रं आली, आणि १९८३ मध्ये मालिकेला वीस वर्षं झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये लाँगलीट इथे मोठा मेळावा भरला. असं सांगतात की कोणती कथा कॅसेटवर हवी, हे तिथे चाहत्यांना विचारलं गेलं, आणि बहुतेकांनी मागितली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ ची कथा. अडचण एवढीच की त्या कथेचा एकही भाग तेव्हा अस्तित्वात नव्हता. म्हणून त्याच खलनायकांची दुसरी एक, १९७५ ची कथा काढली : ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’. ऑक्टोबर १९८३ मध्ये ती आली. ‘डॉक्टर हू’ची ही पहिली व्हिडिओ कॅसेट. किंमत ३९ पौंड ९५ पेन्स, म्हणजे त्या काळी सामान्य घराला चांगलीच जड. शिवाय चार भागांचे सांधे कापून त्यांचा एक सलग सिनेमा केलेला. प्रत्येक भागाच्या शेवटी श्वास रोखायला लावणारा जो क्षण असे, तो गेला.

पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की विक्रेत्याने विचारलं ‘काय हवं?’ आणि उत्तर आलं ‘जे नाही ते हवं.’ तोपर्यंत पुसलेली टेप हा हिशेबातला एक वाचलेला खर्च होता. त्या दिवसापासून ते नुकसान झालं. पंधरा वर्षांपूर्वी झालेली गोष्ट पंधरा वर्षांनी नुकसान ठरली! इतिहासात हे असं होत असतं. घटना घडते एका तारखेला, आणि तिचा अर्थ येतो दुसऱ्या तारखेला.

मग शोध सुरू झाला. काय काय आणि कुठे सापडलं, ते ऐका. डालेकांच्या एका लांबलचक कथेचे दोन भाग १९८३ मध्ये लंडनमधल्या मॉर्मन पंथाच्या एका इमारतीच्या तळघरात मिळाले. १९८८ मध्ये बीबीसीच्याच विक्री शाखेचं कार्यालय रिकामं करताना ‘द आइस वॉरियर्स’ या कथेच्या सहांपैकी चार भागांचे डबे कपाटात मिळाले. म्हणजे जे जगभर शोधत होते, ते स्वतःच्याच कपाटात होतं. काखेत कळसा, दुसरं काय! १९९२ च्या सुरुवातीला हाँगकाँगहून फिल्मचे डबे परत आले, आणि त्यांत निघाली तीच, १९८३ मध्ये मागितलेली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’, चारही भाग अखंड. काही महिन्यांत तिची कॅसेट बाजारात आली. १९९९ मध्ये एक भाग न्यूझीलंडमध्ये एका फिल्म संग्राहकाकडे निघाला. आणि २०१३ मध्ये फिलिप मॉरिस या शोधकाला नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या साठ्यात दोन कथांचे नऊ हरवलेले भाग मिळाले. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ पूर्ण झाली. ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग तेवढा राहिला. ऑक्टोबरमध्ये बातमी जाहीर झाली आणि लगेच ते भाग लोकांनी पैसे भरून आपापल्या संगणकांवर उतरवून घेतले. ४५ वर्षं अंधारात पडलेली फिल्म, आणि घरोघरी पोचायला एक रात्र पुरली.

बघा, नैयायिक प्रध्वंसाभाव म्हणून जो सांगतात, म्हणजे वस्तू फुटल्यानंतरचा अभाव, त्याला आरंभ आहे पण अंत नाही असं त्यांचं म्हणणं. फुटलेला घडा परत येत नाही. मग हे भाग परत कसे आले? उत्तर असं की प्रध्वंस झाला तो टेपचा. ती विशिष्ट टेप पुसली गेली ती कायमचीच. कथा मात्र त्या टेपपुरती कधीच नव्हती. ती जोसच्या डब्यातही होती, हाँगकाँगच्या डब्यातही होती. म्हणून ‘नष्ट झालं’ आणि ‘हरवलं’ हे दोन वेगळे शब्द आपण जपून वापरले पाहिजेत. नष्ट झालं असं म्हणायला शेवटची प्रत गेली हे माहीत असावं लागतं, आणि शेवटची प्रत कोणती हे जगात कुणालाच माहीत नसतं.

जे भाग मिळाले नाहीत, त्यांचं काय? तिथेही पूर्ण अंधार नाही, आणि आमच्या मते या इतिहासाचा सगळ्यात हृद्य भाग हाच.

त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे. पुन्हा सांगतो, प्रत्येक भागाचा. १९६० च्या दशकात काही मुलं आणि तरुण आपापल्या घरी टेप रेकॉर्डर लावून, टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून मालिका ऐकण्यासाठी मुद्रित करत होते. एकाने तर टीव्हीच्या आत थेट तार जोडून आवाज घेतला होता, त्यामुळे तो इतका स्वच्छ आहे की ऐकून आश्चर्य वाटतं. यांच्यातल्या कुणालाही आपण राष्ट्रीय ठेवा वाचवतो आहोत असं वाटत नव्हतं. त्यांना फक्त झोपण्याआधी ती गोष्ट पुन्हा ऐकायची होती.

चित्रांची कथा निराळी. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार होते. ते टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत. नटाकडे स्वतःचं काम दाखवायला दुसरं साधन नव्हतं ना! एका भागाचे कितीतरी फोटो, थोड्याथोड्या वेळाने काढलेले. क्युरा १९६९ मध्ये वारले. आज कित्येक भागांचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो त्यांच्यामुळे.

आणि तिसरं साधन ऐकून तुम्ही हसाल. ते म्हणजे सेन्सॉर! ऑस्ट्रेलियात मालिका दाखवण्याआधी सेन्सॉर मंडळ मुलांना भीतिदायक वाटतील असे तुकडे कापून काढत असे. कापलेले तुकडे नियमाप्रमाणे जपून ठेवत. १९९६ मध्ये ते तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. त्यामुळे आज ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या सहा भागांच्या कथेतलं जे हलतं चित्र मिळतं, त्यात हे कापलेले भीतिदायक क्षण ठळकपणे येतात. जे ऑस्ट्रेलियातल्या मुलांनी पाहू नये म्हणून कापलं, तेच जगाला पाहायला उरलं, आणि जे निर्धोक म्हणून दाखवलं, ते गेलं. दप्तर नीट ठेवणारा कारकून हा इतिहासाचा मोठा उपकारकर्ता असतो, त्याचा हेतू काहीही असो.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. त्या दिवशी आम्ही पाहिली ती कथा होती ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’. १९६६ ची, सहाही भाग हरवलेले. चाहत्यांनी जपलेल्या आवाजावर नवी हलती चित्रं बसवून ती २०१६ मध्ये, मूळ प्रसारणाला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, पुन्हा प्रसिद्ध केली. या कथेच्या आधी एक मोठी घटना घडते. पहिला डॉक्टर, नट विल्यम हार्टनेल, थकून खाली पडतो आणि त्याचा चेहरा पालटून तिथे पॅट्रिक ट्राउटन हा दुसरा नट येतो. माणूस तोच, शरीर नवं. या एका युक्तीवर मालिका पुढची अनेक दशकं चालली. आणि ज्या भागात हे पहिल्यांदा घडतं, तो ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भागही हरवलेला! रूपांतराचे ते थोडे क्षण तेवढे शिल्लक आहेत, कारण १९७३ मध्ये मुलांच्या एका कार्यक्रमासाठी ते उतरवून घेतले होते.

आपल्याकडे प्रत्यभिज्ञेचं जुनं उदाहरण आहे : ‘तोच हा देवदत्त.’ काल काशीत पाहिलेला आणि आज इथे दिसलेला. कपडे बदलले, वय वाढलं, तरी आपण म्हणतो तोच हा. पण ‘तोच हा’ म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात. समोर कुणी तरी हवा, आणि काशीतली आठवण हवी. ट्राउटन पडद्यावर आला तेव्हा मुलांनी ‘तोच हा डॉक्टर’ म्हणून त्याला स्वीकारलं. मग चित्रांच्या भागाला ‘तोच हा भाग’ म्हणायचं का?

आम्हाला वाटतं, आमच्या नातवाला असं सांगावं : बाळा, आवाज तोच आहे, म्हणून तू तो भाग ऐकलास. चित्रं नवी आहेत, म्हणून तू तो बघितला नाहीस. पण कुणी बोललं तेव्हा दुसऱ्याने मान कशी वळवली, कोण गप्प राहिलं, डोळ्यांत काय होतं, हे त्या आवाजात नाही. ते चित्रकाराने आपल्या मनाने भरलं. जोपर्यंत वेष्टनावर ‘हे नव्याने केलेलं आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तोपर्यंत यात खोटं काही नाही. ज्या दिवशी ते लिहायचं राहील, त्या दिवशी इतिहास संपून दंतकथा सुरू होईल.

आता तो कबुलीजबाब, जो मघाशी राखून ठेवला होता.

१९८० च्या दशकातली गोष्ट. आम्ही ज्या संस्थेत शिकवत होतो, तिथे आमच्या गुरूंची निवृत्तीनंतर काही व्याख्यानं झाली. योगायोग म्हणा, विषय अभावाचाच. आम्ही ती कॅसेटवर मुद्रित केली. कॅसेटवर तारीख घातली, कपाटात ठेवली. दीड-दोन वर्षांनी बाहेरून एक मोठे पाहुणे आले. ऐन वेळी कोऱ्या कॅसेट नाहीत, खरेदीला मंजुरी नाही. आम्ही विचार केला, सरांची व्याख्यानं तर आम्ही ऐकलेली आहेत, सगळी डोक्यात आहेत. कपाट उघडलं आणि त्या कॅसेट वापरल्या. सही करायचीही गरज पडली नाही. लाल बटण दाबलं, झालं.

सर गेले. पुढे वीस-बावीस वर्षांनी त्यांच्या नातीचा फोन आला. तिला लहानपणीचे आजोबा पुसट आठवत होते. तिने विचारलं, ‘आजोबांचा आवाज तुमच्याकडे आहे का हो?’ मंडळी, त्या क्षणापर्यंत आमच्या मनात त्या कॅसेट पुसल्याची नोंदसुद्धा नव्हती. तिने विचारलं आणि अभाव तिथे उभा राहिला. ज्या पाहुण्यांचं भाषण त्यांवर चढवलं, त्यातलं आज एक वाक्य आम्हाला आठवत नाही.

आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. कुणी कॅसेटची प्रत करून घेतली होती का? आवाज मिळाला नाही. एका विद्यार्थिनीची वही मिळाली. सगळी व्याख्यानं टिपलेली, आणि मधूनमधून समासात लिहिलेलं, ‘इथे सर हसले.’ त्या वहीची छायाप्रत आम्ही नातीला दिली. का हसले, कसे हसले, ते वहीत नाही. पण हसले हे तरी आहे. त्या वहीला आम्ही जॉन क्युरांच्या फोटोंच्या शेजारी ठेवतो.

आपल्याकडे तुकोबांच्या गाथेची कथा आहे. वह्या इंद्रायणीत बुडवल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते, म्हणून गाथा तरली. या कथेचा आपल्याला फार आधार वाटतो, आणि वाटावा. पण ती वाचली ती पाठांतरामुळे, हे विसरू नये. मायक्रोफोन धरून बसलेल्या त्या मुलांनी यंत्राने पाठांतरच केलं. आम्ही मात्र ‘डोक्यात आहे’ म्हणालो, आणि डोक्यात काही राहिलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा, आणि मग प्रश्न घेऊ. तुम्ही म्हणाल, आता असं होणार नाही, आता सगळं नेटवर असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, मालिकेच्या साठाव्या वर्षी, बीबीसीने आठशेहून जास्त जुने-नवे भाग आपल्या प्रेक्षकांना ऑनलाइन खुले केले. एवढ्या साठ्यात एक कथा मात्र नव्हती. कोणती? पहिली! २३ नोव्हेंबर १९६३ ची. फिल्म शाबूत होती, पण लेखकाच्या वारसाकडच्या हक्कांचा प्रश्न सुटला नव्हता. ज्यांच्या घरी त्या कथेची जुनी कॅसेट किंवा डीव्हीडी होती, त्यांनी ती काढून लावली. बाकीच्यांना वाट बघावी लागली. तेव्हा ‘उपलब्ध असणं’ आणि ‘आपल्याकडे असणं’ हाही एक फरक लक्षात ठेवा.

तुम्हाला एकच काम सांगतो. घरी गेल्यावर माळा बघा, कपाटाचा खालचा कप्पा बघा. जुन्या कॅसेट, फिल्मच्या गुंडाळ्या, वह्या असतील. त्या काय आहेत हे आज घरात कुणाला तरी ठाऊक आहे. उद्या ते माणूस नसेल, आणि मग ती नुसती अडगळ असेल. म्हणून एक कागद घ्या, आवाज कुणाचा, साल कोणतं, प्रसंग कोणता, एवढं लिहा आणि वस्तूला चिकटवा. टाकायचं की ठेवायचं, हे पुढचे ठरवतील. पण ठरवताना आपण काय टाकतोय ते त्यांना कळलं पाहिजे.

आणि आमच्या सरांची ती व्याख्यानं ज्यांनी ऐकली, असे कुणी आजचं हे ऐकत असतील, तर त्यांनी आपलं कपाट जरा जास्त निरखून बघावं. आम्ही अजून त्यांना नष्ट झालेली म्हणत नाही. हरवलेली म्हणतो.

नमस्कार. आता प्रश्न विचारा.